सुटते ती वेणी

सोलापूर, ९ मार्च

आई,

वर्गात पत्रलेखन शिकवताना मी पोरांना मायना लिहायला लावते. 'तीर्थरूप' विसरला की अर्धा गुण कापते. आज तुला लिहायला बसले आणि नुसतं 'आई' लिहून थांबले. काप माझा अर्धा गुण.

फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस. दादानं फोन तुझ्या कानाला लावला की तू तो तसाच परत करतेस, तुझ्या बांगड्या वाजलेल्या मला इकडं ऐकू येतात. पण पत्र वाचायला घेतलं की तू उठून जात नाहीस, भाकरी थापत ऐकतेस, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून हे पत्र. वहिनी, तुमच्याच पोरीबद्दल आहे, तेव्हा सावकाश वाचा आणि अडचणीचं काही गाळू नका.

ऋतुजा परवा गावाहून आली. कांजिण्यांचे डाग फिकट झालेत, खाणंही सुधारलंय. पण डोक्यावरचा रुमाल काही केल्या काढेना. शेवटी मीच सोडला. डाव्या कानामागं केसांचा मुठीएवढा गठ्ठा झालाय आणि त्यात भंडारा भरलाय. मला म्हणाली, "आत्या, हात लावू नको. देवी जाताना खूण ठेवून गेलीय. जट हाय."

आई, पोरीच्या अंगावर देवी आली म्हणून तू महिनाभर तिच्या डोक्याला पाणी लागू दिलं नाहीस, फणी लागू दिली नाहीस. आपल्यात असंच करतात, मलाही तू असंच ठेवलं होतंस. पण एवढ्या लांब केसांची पोर महिनाभर उशीवर डोकं घासत पडल्यावर केस गुंततील नाहीतर काय होईल? त्यात देवीनं येऊन वेगळं काय केलं?

दादाचा काल फोन आला होता. परीक्षा झाली की ऋतुजाला कायमची गावी न्यायची, देवीची पोर शहरात ठेवायची नाही, असं घरात ठरलं म्हणे. म्हणजे आठवीतच शाळा संपली. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं मागायची, आणि पुढं लग्नाचं कोणी नाव काढायचं नाही. जट आलेल्या बायकांचं काय होतं ते आपल्याच वस्तीवर तू पाहिलेलं आहेस.

मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. माझ्याशी तू बोलूही नकोस. फक्त ऋतुजाला एकदा फोनवर सांग की 'कापून टाक'. तू सांगितल्याशिवाय ती मला हात लावू देणार नाही. बाकीचं मी बघते.

दिपाली

सोलापूर, १७ मार्च

आई,

आठवडा झाला, तुझा काही निरोप नाही. वहिनींना फोन केला तर म्हणाल्या, पत्र वाचून झाल्यावर तू परातीतलं पीठ तसंच ठेवून बाहेर मेंढरांकडं गेलीस. चला, म्हणजे ऐकलंस तरी.

काल वर्गात एक गंमत झाली. गंमत म्हणायची की काय ते तूच ठरव. धड्यात 'ब्रेइड' हा शब्द आला. मी वाचल्याबरोबर मागच्या बाकावरून कोणीतरी 'पाव, पाव' करून हसलं, कारण आपल्याला ब्रेड माहीत. मी फळ्यावर तीन रेघा काढल्या आणि एकीवरून दुसरी नेऊन दाखवली. ब्रेइड म्हणजे वेणी. पण इंग्रज हा शब्द नुसता केसांना ठेवत नाहीत. दोरी गुंफली तरी ब्रेइड. दादाची गोफणही त्यात आली. लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटावरची सोनेरी दोरी, तीसुद्धा ब्रेइड. आणि नदीलाही म्हणतात. पूर ओसरल्यावर आपली माण वाळूतून तीन-चार धारांनी वाहते, फुटते, पुन्हा एकमेकींत मिळते, तशी नदी. पोरांना ते फार आवडलं.

मग शब्दकोशात नसलेलं माझ्या पदरचं एक सांगितलं. वेणीत प्रत्येक पेड शेवटपर्यंत वेगळा राहतो, म्हणून संध्याकाळी ती सोडता येते. सुटते ती वेणी.

तेव्हा ऋतुजानं हात वर केला. रुमाल बांधूनच बसते ती वर्गात, मुख्याध्यापकांची मी परवानगी घेतलीय. तिनं विचारलं, "मॅडम, जे आपोआप होतं आणि सुटत नाही, त्याला काय म्हणायचं?" शाळेत ती मला आत्या म्हणत नाही. मी तिला 'मॅटेड' हा शब्द सांगितला. कशाला वापरतात तेही सांगावं लागलं: मेंढराच्या भिजलेल्या लोकरीला, मोकाट कुत्र्याच्या केसांना. तिनं ते खाली मान घालून लिहून घेतलं. मला शिक्षिका असल्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरचा अभ्यास म्हणून आज ब्रेइडचं एक वाक्य करून आणायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी 'आई माझी वेणी घालते' अशी वाक्यं आणली. ऋतुजाच्या इंग्रजी वाक्याचं मराठी सांगते: 'माझी वेणी आता कोणी घालत नाही.' व्याकरण अगदी बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता तुला जे ऐकायचं नाही ते लिहिते. वहिनी, वाचा, थांबू नका.

मी ऋतुजापेक्षा थोडी मोठी होते तेव्हा माझ्याही डोक्यात जट झाली होती. वसतिगृहात मी ती शिवणवर्गातल्या कात्रीनं कापली. त्याच पावसाळ्यात बाबा मेंढरांमागं असताना गेले. तुझ्या लेखी या दोन्ही गोष्टी एकच आहेत. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या लग्नाला आली नाहीस. तुझे जावई राजशेखर दिसायला कसे आहेत हेही तुला माहीत नाही. बाबांच्या छातीत दोन दिवस कळा येत होत्या आणि ते कोणाला बोलले नाहीत, हे दादालाही माहीत आहे. मी तेव्हा माफी मागितली नाही आणि आताही मागत नाही. मी काही वाईट केलेलं नाही.

बाबांच्या मागं तू स्वतःच्या डोक्याला फणी लावायची सोडलीस आणि तुझीही जट झाली. ती तुझी तू ठेव, मी काही म्हणत नाही. पण पोरीची सोडव.

राजशेखर म्हणतात, इतकी पत्रं कसली लिहितेस, कात्री घे आणि मोकळी हो. त्यांना वाटतं कात्रीचाच प्रश्न आहे.

दिपाली

सोलापूर, २४ मार्च

आई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ऋतुजाची तब्येत सुधारली. ते अर्धंच खरं होतं. आली त्याच दिवशी त्या गठ्ठ्याला वास येत होता. मी तुला लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं मी भीती घालतेय. आता उन्हानं सोलापूर नुसतं भाजून निघतंय, घामानं आत फोड झालेत आणि त्यांत पू धरलाय. पोर एका कुशीवरच झोपते. डॉक्टरांकडं नेलं. त्या म्हणाल्या, वरचे केस काढल्याशिवाय औषध कातडीपर्यंत जाणार कसं? आणखी थांबलात तर ताप डोक्यात जाईल. ऋतुजा टेबलाची कड धरून बसली होती. डॉक्टरांनी हात पुढं केला तशी उठून थेट दाराबाहेर गेली. चप्पल तिथंच राहिली.

पुढचं लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. रविवारी दुपारी ती झोपली होती. मी कात्री घेऊन तिच्या उशाशी बसले. हो, बसले. गठ्ठ्याखाली एक पातं सरकवलंही होतं. तिनं डोळे उघडले. ओरडली नाही, मला ढकललं नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, आजी मरंल."

मी कात्री ठेवून दिली. तेव्हापासून ती माझ्याजवळ झोपत नाही. दार लावून घेते आणि रुमालाला गाठीवर गाठ मारते. मी वाढलेलं खाते, पण माझ्याकडं पाठ करून. ज्या पोरीसाठी मी हे सगळं करतेय ती मला चोरासारखी बघते.

तिला कोणी सांगितलं की आजी मरेल? तू सांगितलंस असं मी म्हणत नाही. सांगायची गरजच नाही, आपल्या घरात तिनं तेच ऐकलंय. दिपालीनं कापली आणि तिचा बाप ज्ञानबा गेला. वस्तीवरची बारकी पोरंसुद्धा हे सांगतात. तिला स्वतःचं काही वाटत नाही गं. तिला तुझं वाटतं. तुझ्यासाठी ती डोक्यात पू घेऊन बसलीय.

मला आता तुझा राग येतोय आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. मला सोडलंस, ते मी सोसलं. शिकले, नोकरी धरली, संसार केला. पण ही पोर माझ्यासारखी आडमुठी नाही. ही सोसत बसेल आणि सोसता सोसता संपेल. तुझ्या एका शब्दावर आहे सगळं. त्या देवीला काय सांगायचं ते सांग, माझं नाव घे, मला शिव्या घाल. पण पोरीला सांग.

शनिवारपर्यंत वाट बघते. मग मी डॉक्टरांना घरी बोलावणार आणि तिचे हातपाय धरून का होईना केस काढणार. त्यानंतर तीही माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

दिपाली

सोलापूर, ५ एप्रिल

प्रियंकावहिनी,

हे पत्र तुमचं तुम्हाला. आई इथंच आहे, त्यामुळं मोठ्यानं वाचायची गरज नाही. ऋतुजाची काळजी करू नका, ती बरी आहे. दादानं तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे: 'सगळं झालं ब्येस.' त्याच्याकडून याहून जास्त निघायचं नाही. म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर दारात दादा आणि त्याच्या मागं आई. इतक्या वर्षांनी आई माझ्या दारात होती आणि माझ्या तोंडून आधी काय निघावं? "पाणी आलंय, भरून घेते." आमच्याकडं चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, तेव्हा ते खोटं नव्हतं. पण मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा आईनं आपलं घोंगडं पसरून बैठक मारली होती. ऋतुजाला जवळ घेऊन रुमालाच्या गाठी सोडत होती. एवढ्या गाठी, पण पोर गप्प बसली होती. गठ्ठा उघडा पडल्यावर आईनं नाक जवळ नेलं आणि वास घेतला. तिचा चेहरा मी बघू शकले नाही.

मी कपाटातून कात्री आणली. आईनं माझ्याकडं न बघता दादाला सांगितलं, "ती ऱ्हाऊ दे. कातर काड."

दादानं पिशवीतून मेंढरं कातरायची लोखंडी कातर काढली. वहिनी, ती तुमच्या घरातून निघताना पिशवीत होती, म्हणजे आई ठरवूनच आली होती. मी ऋतुजाकडं वळले तसा आईनं हात आडवा धरला.

"तिची न्हाय. आदी माजी," म्हणाली. "देवीला काय मागायचं ते माज्याकडनं मागू दे."

ऋतुजा किंचाळून तिच्या गळ्यात पडली. नको आजी, नको, असं चाललं होतं. आईनं तिला मांडीशी दाबून धरलं आणि डोक्यावरचा पदर मागं टाकला. दादा कातर घेऊन पुढं झाला तर त्यालाही नको म्हणाली. "हिला दे. हिच्या हाताला सवय हाय."

हे ती चेष्टेनं म्हणाली की टोचायला, मला अजून कळलेलं नाही. दादा मात्र खाली बघून हसला.

मी कापली. तुम्हाला सोपं वाटेल, पण आईची जट दाव्यासारखी कडक झाली होती. मी पोरांना शंभर वेळा सांगितलंय की केस कापल्यानं काही होत नाही. शेवटचा पेड तुटला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आईनं ती जट उचलून भंडारा लावून फडक्यात बांधली. मग ऋतुजाला सांगितलं, येणारा शुक्रवार जाऊ दे, मी हाय का न्हाय बग, मग तुजी. आणि दादाला म्हणाली, तू जा, मी शुक्रवार हितंच काढते, काय यायचं ते तिकडं पोराबाळांच्या घरावर यायला नको. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. आठवडाभर पोटातून औषध देता येईल, म्हणाल्या.

गुरुवारी आईला ताप भरला.

ऊन लागलं असेल. प्रवास, वय, जागा बदललेली. मी तापाची गोळी दिली, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. राजशेखर मोसंबी घेऊन आले. सासूला पहिल्यांदाच बघत होते आणि ती डोळे उघडत नव्हती. ऋतुजा शाळेत गेली नाही. आजीच्या उशाशी बसून राहिली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मला स्वयंपाकघरात पळून जावं लागलं. शुक्रवारी दुपारी ताप आणखी चढला. आई बडबडायला लागली. बाबांना हाका मारत होती.

आता तुम्हाला सांगते ते राजशेखरना कळू देऊ नका. मी ओट्यासमोर उभी राहिले, हात जोडले आणि म्हणाले, तिला उठव, मी आयुष्यभराचा चहा सोडला. माझा चहा तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापक म्हणतात, मॅडमच्या अंगात रक्त नाही, चहा आहे. त्या वेळी मला त्याहून मोठं काही सुचलं नाही. आणि वहिनी, मी ते अगदी मनापासून म्हणत होते. समोर कोणीतरी ऐकतंय असं समजूनच म्हणत होते.

संध्याकाळी घाम येऊन ताप उतरला. गोळीनं उतरला, हे मला माहीत आहे. तरी चहा घ्यायचं धाडस होईना.

काल सकाळी ऋतुजा स्वतः पाट घेऊन आली आणि आमच्या दोघींकडं पाठ करून बसली.  आईनं तिचा हात धरला, मी कापलं. आत फार वाईट होतं. तासाभरात डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी धुऊन पट्टी केली, जखम भरेल म्हणाल्या, केसही येतील. परीक्षेला बसेल. आणि दादाला आईनं फोनवर माझ्यासमोर सांगितलं की पोर हितंच शिकंल.

आज सकाळी मी आईला आणि राजशेखरना चहा दिला आणि माझा कप घेतला नाही. आई बशीतला चहा फुंकता फुंकता थांबली. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तू का घेत न्हाईस?"

मला. 'हिला विचार' असं नाही. मला म्हणाली. मी दारापर्यंत जाऊन आले, कपबशा उचलल्या, राजशेखर बाहेर पडेपर्यंत वेळ काढला. मग सांगितलं. वाटलं, हसेल. इतकी पत्रं लिहून वाद घालणारी मास्तरीण शेवटी ओट्यापुढं नवस बोलली.

ती हसली नाही. बशी खाली ठेवली.

"तू चा सोडलास," म्हणाली. "मी तुला सोडलं हुतं."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडं न बघता. बाबा गेले तेव्हा तिला वाटलं, आता देवी दिपालीला नेणार, कापली तिनं आहे. तेव्हा देवीपुढं बसून तिनं मागून घेतलं, पोरीला सोड. तिनं तुझी जट कापली, ती मी माझ्या डोक्यावर घेते, म्हणून फणी सोडली. आणि त्यावर तिच्याकडं द्यायला जे सगळ्यात मोठं होतं ते तिनं सोडलं. या पोरीशी बोलणार नाही, तिच्या दारात जाणार नाही, तिला माझी म्हणणार नाही, पण ती जगली पाहिजे. माझं लग्न झालं त्या दिवशी ती रानात मेंढरांत जाऊन बसली होती, असं म्हणाली. ते तुम्हाला माहीत होतं का, वहिनी?

इतकी वर्षं मी ती शिक्षा समजत होते. तिच्यावर चिडून शिकले, चिडून मोठी झाले. आता त्या चिडण्याचं काय करायचं ते मला कळत नाही. देवीवर माझा विश्वास नाही आणि हे सगळं फुकट गेलं असं म्हणायची हिंमतही नाही. मी विचारलं, मग मला एकदा सांगायचं नाही का? तर म्हणाली, सांगितलं असतं तर ते सोडणं कसलं.

आता ती माझ्याशी बोलते. मीठ कुठं आहे विचारते, पंखा बंद कर म्हणते, राजशेखर लई बारीक हाय म्हणते. माझं नाव मात्र अजून घेत नाही. सकाळपासून चार वेळा दिपा... पर्यंत येऊन थांबली आणि वर बघितलं. तिला अजून भीती वाटतेय. मी काही म्हणत नाही, तिनं तोंड उघडलं की लगेच ओ देते.

तुमची,
दिपाली